पाणी पश्चिमेला वळले तेव्हा

पौडशेजारून वाहणारी मुळा ही मूळची पूर्वेची नदी. पुण्यात मुठेला मिळायचे, पुढे भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागरात, हा तिचा हजारो वर्षांचा रस्ता. पण ताम्हिणीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात जो पाऊस कोसळतो, त्यातला मोठा वाटा आज या रस्त्याने जात नाही. तो मुळशी धरणाच्या भिंतीमागे अडतो, डोंगराच्या पोटात शिरतो, बोगद्यातून सह्याद्री ओलांडतो आणि जाडजूड लोखंडी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतो. तिथून कुंडलिका त्याला रेवदंड्याजवळ अरबी समुद्रात नेऊन सोडते. कोलाडला सकाळी सकाळी रबरी होड्यांतून उसळत्या प्रवाहावर स्वार होणाऱ्या पर्यटकांना क्वचितच ठाऊक असते, की ते पाणी पौडच्या वरच्या खोऱ्यात पडलेले असते आणि वीजघरातून सोडले जाते तेव्हाच नदीला असा जोर चढतो.

पूर्वेच्या नदीला पश्चिमेच्या समुद्राकडे नेणारा हा बोगदा कसा झाला, आणि तो होताना पौड खोऱ्यात काय घडले, हे पुणे जिल्ह्यातही आता फारसे कोणी सांगत नाही. म्हणून ते इथे सांगतो; पण आधी थोडे बंद जागांच्या ओढीविषयी.

बोगदे, गटारे, पूल, उंच इमारतींचे माथे अशा बंद जागा धुंडाळण्याचा नाद असलेली माणसे जगभर आहेत. पॅरिसच्या जमिनीखालच्या जुन्या दगडखाणींत चोरवाटांनी उतरणारे कित्येक पिढ्यांपासून आहेत. मेलबर्नमध्ये १९८६ साली काही पोरांनी ‘केव्ह क्लॅन’ नावाची टोळी काढली आणि शहराखालचे पावसाळी नाले पालथे घातले. टोरांटोच्या जेफ चॅपमनने १९९६ पासून ‘इन्फिल्ट्रेशन’ नावाचे छोटेखानी नियतकालिक काढून या छंदाला ओळख मिळवून दिली. पुण्यालाही असे एक भुयारी जग आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा दगडी नळ बांधला गेला. आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढा तो मोठा ठेवला होता आणि वाटेत जागोजागी उच्छ्वास उभारले होते. वाहत्या रस्त्याच्या कडेला यांतला एखादा उच्छ्वास अजून उभा दिसतो आणि इतिहासाचे वेड असलेली पुणेकर मंडळी त्याच्याभोवती जमतात.

अशा भटक्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: आत काय आहे? तो प्रश्न निर्मळ आहे आणि मला तो आवडतो. मुळशीच्या भिंतीपाशी आणि बोगद्यापाशी मात्र त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. ‘प्रवेश बंद’ची पाटी लागण्याआधी ही जागा कोणाची होती?

गोष्ट सुरू होते मुंबईत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या गिरण्या वाफेवर चालत. कोळसा लांबून आणावा लागे, महाग पडे आणि गिरणगावावर धूर कायमचा. घाटमाथ्यावर एवढा पाऊस पडतो, तो अडवून उंचावरून कोकणात सोडला तर त्याच्या जोरावर वीज करता येईल, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग यांनी मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी १९१० मध्ये कंपनी उभी केली, १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पाठोपाठ आंध्रा खोऱ्यातले पाणी भिवपुरीला उतरवायचे काम निघाले. तिसरी योजना मुळशीची.

या योजनेचे गणित चोख होते हे कबूल केले पाहिजे. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला एकदम तुटतो. पूर्वेकडे मात्र उतार इतका सौम्य आहे की खोऱ्यात बांध घातला की पाणी पसरून मोठा तलाव होतो. तलाव उंचावर, कोकण पायथ्याशी, मध्ये डोंगराची एक धार. ती धार पोखरली की काम फत्ते. एवढ्या उंचीवरून आलेले पाणी नळाच्या टोकाला अरुंद तोंडातून पिचकारीसारखे सुटते आणि चाकाच्या कडेला बसवलेल्या पोलादी वाट्यांवर आदळते. चाक फिरते, त्याला जोडलेले जनित्र फिरते, वीज तारांवरून मुंबईला जाते. कोळशाचा खडा जळत नाही. पाणी जसेच्या तसे खाली सुटते. तांत्रिकदृष्ट्या याहून देखणी गोष्ट त्या काळात दुसरी सापडणार नाही. पण त्या गणितात खोऱ्यातली माणसे कुठेच मांडलेली नव्हती.

पौड खोरे हे पुण्याच्या बारा मावळांपैकी एक. इथले देशमुख ढमाले. शिवकाळात या खोऱ्यातली माणसे गडांवर चढली, लढायांत पडली आणि युद्ध नसेल तेव्हा भात लावत राहिली. इंग्रजी अमलात हा भाग मुळशी पेटा म्हणून ओळखला जाई आणि पौड हे पेट्याचे ठाणे. मुळा आणि निळा या दोन नद्यांच्या काठची जमीन म्हणजे आंबेमोहराची खाण. हा तांदूळ चुलीवर चढला की शेजारच्या घरात कळते. त्यामागची मेहनत वर्षभराची. उन्हाळ्यात पालापाचोळा, काटक्या, शेण थराथराने अंथरून वर मातीचा हात फिरवायचा आणि राब भाजायचा. पहिल्या पावसाला त्या भाजलेल्या वाफ्यात बी फेकायचे. रोप वीतभर झाले की उपटून मुठी बांधायच्या आणि गुडघाभर चिखलात पाठ मोडेपर्यंत लावणी करायची. वरच्या माळावर नाचणी-वरई. ज्याच्याकडे खाचरे होती तो या खोऱ्यात गरीब असला तरी उपाशी नव्हता. धरण झाले की पन्नासाच्या आसपास गावे आणि अकरा हजारांच्या आसपास माणसे यांच्यावर पाणी फिरणार होते. बुडणार होती ती तळाची खाचरे, म्हणजे खोऱ्यातली सगळ्यात कसदार जमीन.

पहिले महायुद्ध संपले आणि मोजणीची माणसे खोऱ्यात फिरू लागली. कंपनीने जमीन ताब्यात येण्याची रीतसर कारवाई पुरी होण्याआधीच भिंतीच्या पायासाठी चर खणायला घेतले. आपल्या शेतात चर खणताहेत म्हणून एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तेव्हा इंग्रज इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखले. मुळशीचा लढा पेटला तो या प्रसंगापासून. कोणी कोणाच्या हद्दीत घुसले होते हे त्या चराच्या काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होते. कागदावर मात्र ते उलटे लिहिले जाणार होते. त्यासाठी सरकारकडे १८९४ चा भूसंपादन कायदा तयार होता. सरकारने कंपनीशी करार केला की सार्वजनिक हिताच्या नावाखाली खासगी कंपनीसाठीही जमीन सक्तीने घेता येईल, अशी त्यात सोयच होती. मालकाची संमती लागत नव्हती. भरपाईचा आकडा तेवढा ठरवायचा.

पुण्यात या प्रकरणाने मोठे काहूर उठले. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेलेले, केसरीची आणि टिळक पक्षाची धुरा न. चिं. केळकरांकडे. गांधींची असहकाराची चळवळ देशभर जोरात. अशा वेळी मुळशीचा प्रश्न पुढाऱ्यांसमोर आला आणि त्याने सगळ्यांना पेचात टाकले. टाटा हे काही परके नव्हते. स्वदेशी उद्योगाचे ते सर्वांत मोठे नाव, आणि स्वदेशी हा तर टिळक पक्षाचा श्वास. देशी भांडवलाने देशी गिरण्यांसाठी देशी पाण्यावर वीज करायची, याला विरोध कसा करायचा? दुसरीकडे मावळातला शेतकरी विचारत होता की देशासाठी देशोधडीला लागायचे ते आम्हीच का? पुढच्या शंभर वर्षांत देशात जेवढी धरणे झाली, त्या प्रत्येकाच्या काठावर हा प्रश्न पुन्हा विचारला गेला. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर सविस्तर अभ्यास केला आणि त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले.

पेचाची दुसरी बाजू अधिक नाजूक होती. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींची मालकी, निदान कागदोपत्री, पुण्यातल्या सावकारांकडे गेलेली होती. जमीन कसणारा कूळ मावळात आणि तिचा मालक पुण्याच्या पेठेत. मालकाच्या दृष्टीने भरपाई हा वाईट सौदा नव्हता. पावसाळी खोऱ्यात खंड वसूल करत फिरण्यापेक्षा रोख रक्कम बरी. कुळाला मात्र भरपाईतून काही मिळण्याची आशा नव्हती, आणि ज्या शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर होते त्याचाही पैसा बराचसा कर्जापोटी जाणार होता. लढ्याच्या सुरुवातीला ही फट झाकलेली राहिली. नंतर तिनेच लढ्याचा घात केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्यांच्या बाजूने जो उभा राहिला तो माणूस निराळाच होता. पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे, जन्म १२ नोव्हेंबर १८८०. डेक्कन कॉलेजात शिकले, शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले, तिथे हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली म्हणून शिष्यवृत्ती गमावली. मग पॅरिसमध्ये एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँबची विद्या शिकून ती कागदावर उतरवून हिंदुस्थानात आणली. अलीपूरच्या खटल्यात नाव आले तेव्हा काही वर्षे भूमिगत. पुढे पकडले गेले; सुटल्यावर पारनेरला येऊन रस्ते झाडायला लागले, शौचकूप साफ करायला लागले. पुण्यात ‘मराठा’ पत्रात काम केले. अशा माणसाला मुळशीच्या शेतकऱ्यांत आपले काम सापडले. ‘सेनापती’ ही पदवीही त्यांना मुळशीनेच दिली. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. त्यांवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते सेनापती कोणत्या सैन्याचे होते हे माहीत असेल, याची मला शंका आहे.

त्या सैन्याचा पहिला दिवस होता १६ एप्रिल १९२१. रामनवमी. शेतांत राब भाजायचे दिवस, ऊन रणरणते, नद्या आटून खडकांच्या खळग्यांत उतरलेल्या. सुमारे बाराशे मावळे, त्यांत बायाही मोठ्या संख्येने, भिंतीच्या कामावर गेले आणि तिथेच बसले. प्राण गेला तरी जमीन सोडणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतलेली होती. शस्त्र नाही, दगडफेक नाही. जिथे पाया खणायचा तिथेच माणसे बसली तर कुदळ चालवायची कुठे? काम बंद पडले.

एका बाजूला सरकार, मुंबईची सर्वांत बलाढ्य कंपनी, इंजिनिअर, पोलीस. दुसऱ्या बाजूला लंगोटीतला शेतकरी आणि कासोटा मारलेल्या बाया, आणि त्यांचे हत्यार एकच: आपल्या जमिनीवर बसून राहणे. बंद जागेत शिरणारे आजचे भटके रात्रीच्या अंधारात, पहारेकऱ्याची नजर चुकवून जातात. हे लोक भर दिवसा, नावगाव सांगून, पकडा म्हणत गेले.

गांधींनीही तेव्हा ‘यंग इंडिया’त लिहिले आणि टाटांनी कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलून, त्यांच्या विचाराने पुढे जावे, असे आवाहन केले. महिनाभर धरणे चालले आणि कंपनीने सहा महिने काम थांबवायची तयारी दाखवली. मावळात आनंद झाला. तो पावसाळा खोऱ्याने आपल्या खाचरांत घालवला. लावणी झाली, भात पोसवला, खळी लागली.

तो विसावा कंपनीच्या जास्त उपयोगी पडला, हे मागे वळून पाहताना लक्षात येते. या काळात सरकारने संपादनाची कागदी बाजू भक्कम केली. जमीन जायची ती जाणारच, आता आकडा वाढवून घ्यावा, असा सूर पुण्यातल्या मालकवर्गातून निघू लागला. पुढारीही दोन तटांत वाटले गेले. एका गटाला चांगली भरपाई हाच तोडगा वाटत होता. बापट, विनायकराव भुस्कुटे आणि त्यांच्याबरोबरचे तरुण जमिनीशिवाय दुसरे काही ऐकायला तयार नव्हते. कसणाऱ्याला विचारले असते तर तो कोणत्या गटात गेला असता हे सांगायला नको. पण त्याला विचारतो कोण?

डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही. या वेळचा सामना कठोर होता. पोलीस बंदोबस्त मोठा, धरपकड रोजची. सत्याग्रही तुकड्यांनी कामावर जात, चरात उतरत, रुळांवर आडवे होत, मार खात आणि पकडले जात. शेकडो मावळे आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक तुरुंगात गेले. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांच्यासारखा थोर लेखक साठीला टेकलेला असताना या लढ्यात उतरला आणि त्यालाही तुरुंगवास भोगावा लागला. मराठी गद्याचा एवढा मोठा शिल्पकार भातशेतीसाठी कैदेत गेला, ही आपल्या साहित्याच्या इतिहासातली अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. शंकरराव देवांसारखे पुढे महाराष्ट्र काँग्रेसचे नेते झालेले कार्यकर्तेही मुळशीतच तयार झाले.

बाहेरची परिस्थिती मात्र झपाट्याने पालटत होती. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा घडले, गांधींनी असहकार मागे घेतला, मार्चमध्ये ते स्वतः कैदेत गेले. देशभराची लाट ओसरली तसा मुळशीचा आधारही पातळ झाला. जमीनमालकांनी एकामागून एक भरपाई उचलली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांनीच पैसे घेतले म्हटल्यावर लढायचे कोणासाठी, असा सवाल पुण्यात विचारला जाऊ लागला. पुढे गांधींनीही हा लढा थांबवावा असा सल्ला दिला. बहुतेकांनी भरपाई घेतली आहे आणि बापटांचा अहिंसेवर पूर्ण विश्वास नाही, ही त्यांची कारणे. दुसरे कारण खरे होते. पहिल्या कारणात मात्र कुळाचा हिशेब राहून गेला. ज्याने भरपाई घेतली तो जमिनीत राबत नव्हता, आणि जो राबत होता त्याला भरपाईचा रुपयाही दिसला नव्हता. गांधींसारख्या माणसाकडूनही ही बाजू निसटली, याचे वाईट वाटते.

भिंत चढत होती. दगड घडवणारे, चुना मळणारे, पाट्या वाहणारे हजारो हात कामाला लागले होते. डोंगरात बोगदाही सरकत होता. त्या काळी सह्याद्रीचा काळा पाषाण फोडायचा म्हणजे पहारीने आणि यंत्राच्या छिन्नीने खडकात भोके पाडायची, त्यांत सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवून सगळ्यांनी मागे पळायचे, स्फोट झाला की धूर बसण्याची वाट पाहायची आणि दगडगोटे उपसून बाहेर काढायचे. मग पुन्हा भोके. बोगद्यात ज्यांनी हे केले त्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. जमीन गेलेल्यांची नावे निदान खटल्यांच्या कागदांत राहिली. डोंगर फोडणारा मजूर तिथेही नाही.

बापटांनी तुरुंगाच्या वाऱ्या केल्या आणि दर वेळी मुळशीत परतले. शांत प्रतिकाराने काम थांबत नाही हे दिसल्यावर त्यांनी आपली वाट वेगळी केली. माणसाचा जीव घ्यायचा नाही पण अन्यायाचे साधन निकामी करायला मागेपुढे पाहायचे नाही, आणि केलेल्याची शिक्षा उजळ माथ्याने भोगायची, अशी त्यांची ‘शुद्ध सत्याग्रहा’ची धारणा होती. डिसेंबर १९२४ मध्ये मोजक्या साथीदारांना घेऊन त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. रुळांवर दगड रचले, हातात शस्त्र घेतले, गाडी थांबवली आणि मग अटक करून घेतली. सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांना सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात ठेवले. लढा तिथेच संपला. साडेतीन वर्षांहून अधिक काळात खोऱ्याने जे काही करता येण्यासारखे होते ते सगळे करून पाहिले होते.

१९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. बापट सुटले ते १९३१ मध्ये.

दीड किलोमीटर लांबीची ती दगडी भिंत आजही तितकीच भक्कम उभी आहे. भिरा, खोपोली आणि भिवपुरी मिळून टाटांची जलविद्युत क्षमता ४४७ मेगावॅट, त्यातला सर्वांत मोठा वाटा, ३०० मेगावॅट, भिऱ्याचा. मुंबईच्या लोकलगाड्या, गिरण्या, दवाखाने यांना या पाण्याने वर्षानुवर्षे वीज पुरवली, हेही खरे आणि ते छोटे काम नव्हे. मुंबईत एकदा मोठा बिघाड झाला तर अशी जलविद्युत केंद्रे काही मिनिटांत सुरू करून शहर सावरता येते, ही सोय कोळशावरच्या केंद्रांना नाही. जे झाले ते वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न किमतीचा आहे आणि ती कोणी मोजली याचा आहे.

बुडिताच्या कडेला असलेली काही कुटुंबे उंचावर सरकली आणि तिथेच राहिली. पाणी दारात आणि जमीन पाण्याखाली अशा अवस्थेत माळरानाच्या नाचणीवर त्यांचे दिवस निघाले. काही पोटासाठी बाहेर गेली. मुळशी-मावळातून मुंबईला जाण्याची वाट जुनीच. मुंबईच्या डबेवाल्यांत या पट्ट्यातली घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्याच खोऱ्यातल्या पाण्यावर झालेल्या विजेच्या उजेडात ही माणसे दादर-परळच्या चाळींत राहिली. गावठाणाचा हक्क, पिण्याचे पाणी, रस्ता, तलावाकाठच्या जमिनीचा उपयोग या मागण्या शंभरी उलटल्यावरही या गावांतून येत राहतात. ज्या पाण्यासाठी घर गेले त्याच पाण्याचा हंडा मिळवायला अर्ज करावा लागणे, हा अन्याय आहे. त्यासाठी दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही.

पाण्याच्या दिशेचा वादही मिटलेला नाही. कृष्णा पाणीतंट्यात पहिल्या लवादाने टाटांच्या तलावांतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली. पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी, म्हणजे वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास. दौंड, इंदापूर, सोलापूरकडे दुष्काळ पडला की हे पाणी पुन्हा पूर्वेला, भीमेत सोडा, अशी मागणी जोर धरते. पुण्याच्या वाढत्या वस्तीलाही मुळशीचे पाणी हवे आहे. एकेकाळी ज्यांनी विचारले की हे पाणी कोकणात का न्यायचे, त्यांना अडाणी ठरवले गेले. आज तोच प्रश्न मंत्रालयात, समित्यांच्या बैठकांत विचारला जातो.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. १८९४ चा तो कायदा एकशे एकोणीस वर्षे टिकला. २०१३ मध्ये संसदेने नवा भूसंपादन कायदा केला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ज्यांची जमीन जाणार अशा बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची आधी संमती हवी, असे त्यात आले. कुळाची आणि मजुराची संमती त्यात लागत नाही; पण पुनर्वसनासाठी केवळ सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच नव्हे, तर त्या जमिनीवर पोट असलेल्या कुळाला आणि मजुरालाही बाधित मानले गेले. मुळशीच्या चरात बसलेल्या बाराशे जणांचे मागणे यापेक्षा फार वेगळे नव्हते. नव्या कायद्यात पळवाटा शोधल्या जातात, राज्ये त्यात सवलती घालतात, ते निराळे. पण कसणाऱ्यालाही हिशेबात धरावे लागते एवढे तरी कायद्याने मान्य केले, आणि त्या मान्यतेच्या मुळाशी रामनवमीचा तो दिवस आहे.

आता जाणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत हजारो गाड्या मुळशी-ताम्हिणीला जातात. धुके, धबधबे, भजी, फोटो. यांतल्या काहींना भिंतीच्या माथ्यावर चढायचे असते, काहींना बोगद्याचे तोंड पाहायचे असते, नळांच्या कडेने खाली उतरायचे असते. ओढ समजते, पण ते करू नका. मेलबर्नच्या नाल्यांतले भटकेसुद्धा पाऊस असताना आत उतरत नाहीत, आणि इथे तर पाणी पावसाची वाट पाहत नाही. वीजघराला गरज लागली की ते सुटते, आणि खाली कुंडलिकेच्या पात्रात उभ्या असलेल्याला पळायलाही वेळ मिळत नाही. बोगदा चालू कारखान्याचा भाग आहे, तो ओसाड पडलेला वाडा नव्हे.

पाहण्यासारखे रस्त्यावरूनच पुष्कळ दिसते. वैशाख-ज्येष्ठात तलाव उतरला की काठाने फिरा आणि खोऱ्याचा मूळ तळ कुठे असेल याचा अंदाज बांधा. माले, पळसे, वडगाव, ताम्हिणी अशा आसपासच्या गावांत थांबा. चहा पिताना एखाद्या म्हाताऱ्या आजींना विचारा, की तुमचे जुने घर कुठे होते, तुमच्या घरातले कोणी सत्याग्रहात होते का. जे सांगतील ते लिहून घ्या, नाव-गाव-साल यांसह, आणि त्यांची हरकत नसेल तर फोनवर आवाज टिपून ठेवा. मुळशी सत्याग्रहावरचे भुस्कुट्यांचे आणि व्होरांचे पुस्तक ग्रंथालयातून मिळवा. शंभर वर्षे उलटून गेली आहेत. ज्यांनी आजोबांच्या तोंडून ही हकिकत ऐकली ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, आणि तिच्याकडे जायला फार वर्षे उरलेली नाहीत. हे काम पुण्याच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या मुलांनी हाती घ्यावे, आणि पौडच्या शाळांनी तर आधी घ्यावे.